वाशिष्ठी खोऱ्याचे स्थलनिर्देशक नकाशांकन

रत्नागिरी जिल्ह्यातील वाशिष्ठी नदीच्या खोऱ्याचे, तेथील भूमीचे चढउतार, जलप्रवाह, वस्त्या, रस्ते व इतर मानवनिर्मित सोयी यांसह, प्रत्यक्ष मोजमापावरून नकाशे तयार करण्याच्या कार्याचा इतिहास. ज्या नकाशात भूपृष्ठाची उंची समोच्च रेषांनी व भूमीवरील वस्तू ठरावीक चिन्हांनी दाखविलेल्या असतात, त्यास स्थलनिर्देशक नकाशा म्हणतात. विसाव्या शतकाच्या मध्यास या खोऱ्याचे दोन प्रकारचे नकाशे उपयोगात होते. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या एक इंची नकाशांत भूमीची उंची होती, परंतु शेतांच्या हद्दी नव्हत्या. महसूल खात्याच्या गावनकाशांत हद्दी होत्या, परंतु उंची नव्हती. कोयना जलविद्युत् प्रकल्पामागील कल्पना पहिल्या प्रकारच्या नकाशावरून सहज समजते. चिपळूण शहरातील पुराचा आवाका मात्र दोहोंपैकी कोणत्याही नकाशावरून समजत नाही. या नकाशांकनाचे यश आणि त्याची उणीव यांचे स्वरूप या एका भेदातून स्पष्ट होते.

भूवैशिष्ट्ये : वाशिष्ठी नदी सह्याद्रीच्या पश्चिम उतारावर उगम पावते, चिपळूण शहरावरून पश्चिमेकडे वाहते, खेडकडून येणारी जगबुडी तिला मिळते व पुढे दाभोळच्या खाडीने ती अरबी समुद्रास जाऊन मिळते. सह्याद्रीची कड येथे काही ठिकाणी समुद्रसपाटीपासून ९०० मी.हून अधिक उंच आहे. चिपळूणची बाजारपेठ मात्र समुद्रसपाटीपासून अवघी काही मीटर उंच असून भरतीचा परिणाम शहरालगतच्या गोवळकोटपर्यंत जाणवतो. म्हणजे कड्यापासून भरतीच्या पाण्यापर्यंतचे अंतर सु. २०–२५ किमी. एवढेच भरते. या दोहोंच्या दरम्यान घाटपायथ्याची जंगले, वरकस जमिनीचे उतार, भातशेतीचे मळे, जांभ्या दगडाचे सडे आणि खाडीकाठची खाजणे असे भूमीचे पट्टे आढळतात. पावसाळ्यात वाहणारे पऱ्हे उन्हाळ्यात कोरडे पडतात आणि सड्यावरील कातळ मार्च–एप्रिलपासून जूनपर्यंत ओसाड प्रदेशासारखा दिसतो. एवढ्या थोड्या अंतरात एवढे भेद असलेला प्रदेश एकाच प्रमाणाच्या नकाशात बसविणे हे सर्वेक्षकांपुढील मुख्य आव्हान होते.

पूर्वेतिहास : पेशवाईच्या अस्तानंतर लवकरच कंपनी सरकारने दक्षिण कोकणाच्या सर्वेक्षणाचे काम हाती घेतले. टॉमस बेस्ट जर्व्हिस (१७९६–१८५७) या लष्करी अभियंत्याने १८१९ पासून सु. दहा वर्षे या प्रदेशाचे भौगोलिक व सांख्यिकीय सर्वेक्षण केले. पुढे १८४० मध्ये कोकणाच्या भूगोलावरील त्याचा वृत्तांत प्रसिद्ध झाला. भारताचा महासर्वेक्षक म्हणून त्याची तात्पुरती निवडही झाली होती. परंतु जॉर्ज एव्हरेस्ट १८४३ पर्यंत त्या पदावर राहिल्याने त्याला ते पद मिळाले नाही.

जर्व्हिसचे काम प्रांतिक गरजेतून झाले होते. संपूर्ण उपखंडाला एकाच चौकटीत बांधणारे कार्य म्हणजे विल्यम लॅम्बटन याने १८०२ मध्ये मद्रासजवळ आधाररेषा मोजून सुरू केलेले त्रिकोणमितीय सर्वेक्षण होय. लॅम्बटनचा मृत्यू १८२३ मध्ये विदर्भातील हिंगणघाट येथे झाला. त्यानंतर एव्हरेस्टने हे काम पुढे चालविले. या सर्वेक्षणात कोकण किनाऱ्यालगतही त्रिकोणांची एक श्रेणी नेण्यात आली. डोंगरमाथ्यांवरील त्रिकोणबिंदूंची स्थाने व उंची निश्चित झाल्यामुळे त्यांच्या आधारे पुढील तपशीलवार नकाशे काढणे शक्य झाले.

याच काळात महसुली मोजणीची निराळी परंपरा वाढत होती. विंगेट व गोल्डस्मिड यांनी १८३५ च्या सुमारास इंदापूर तालुक्यात बसविलेली मोजणीची व आकारणीची पद्धत कालांतराने मुंबई इलाख्यात सर्वत्र पोहोचली. रत्नागिरी जिल्ह्यात खोतीमुळे तिला बराच विरोध झाला आणि खोत व कुळे यांचे परस्परसंबंध निश्चित करण्यासाठी १८८० मध्ये स्वतंत्र कायदा करावा लागला. १९४९ च्या कायद्याने खोती नष्ट झाली. शंकू-साखळीने केलेल्या या मोजणीत प्रत्येक शेताचा आकार, क्षेत्र व हद्दीचे दगड यांची नोंद झाली. परंतु ते शेत नदीपात्रापासून किती उंच आहे, याची नोंद करण्याचे कारण महसूल खात्याला नव्हते. आकारणी जमिनीच्या प्रतीवर व क्षेत्रावर अवलंबून होती, तिच्या उंचीवर नव्हती.

एक इंची मालिका : विसाव्या शतकाच्या प्रारंभी देशातील नकाशे जुने व विसंगत झाले असल्याचे आढळून आल्यावर १९०४-०५ मध्ये नेमलेल्या समितीच्या शिफारशींवरून संपूर्ण देशाचे एका मैलास एक इंच (१ : ६३,३६०) या प्रमाणाचे रंगीत नकाशे नव्याने तयार करण्याचा कार्यक्रम आखण्यात आला. पंचवीस वर्षांत पूर्ण व्हावयाचे हे काम दोन महायुद्धे व आर्थिक मंदी यांमुळे लांबले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात विभागाची बरीच शक्ती लष्करी नकाशांकडे वळली आणि स्वातंत्र्यानंतर नदीखोरे प्रकल्पांच्या सर्वेक्षणांनी ती व्यापली.

या मालिकेच्या क्रमांकपद्धतीत चार अंश अक्षांश व चार अंश रेखांश यांच्या चौकटीस एक क्रमांक असतो. तिचे एक-एक अंशाचे सोळा भाग रोमन अक्षरांनी आणि त्या प्रत्येकाचे १५ मिनिटांचे सोळा भाग पुन्हा अंकांनी दर्शवितात. त्यानुसार रत्नागिरी जिल्ह्याचा बहुतेक भाग ४७ जी व ४७ एच या अंशपत्रकांत येतो; चिपळूण शहर ४७ जी/१० मध्ये, तर रत्नागिरी शहर ४७ एच/५ मध्ये मोडते. या अक्षांशावर असे एक पत्रक सु. ७३० चौ. किमी. क्षेत्र व्यापते.

क्षेत्रकामाची मुख्य पद्धत प्लेन टेबल या नावाने ओळखल्या जाणाऱ्या समतल फलकाची होती. तिपाईवर बसविलेल्या फळ्यावर कागद ताणून त्यावर त्रिकोणबिंदू आधीच मांडलेले असत. सर्वेक्षक उंचवट्यावर उभा राहून तीन ज्ञात बिंदूंकडे दर्शक पट्टीने रोख धरी आणि मागे ओढलेल्या रेषांच्या छेदावरून स्वतःचे स्थान निश्चित करी. उतारमापकाने वाचलेला कोन व नकाशावर मोजलेले अंतर यांवरून समोरच्या स्थळाची उंची काढली जाई. समोच्च रेषा प्रत्यक्ष भूमीकडे पाहत तेथेच आखल्या जात, दोन रेषांमधील अंतर सामान्यतः ५० फूट (१५.२४ मी.) असे. पावसाळा संपल्यापासून मेअखेरपर्यंत क्षेत्रकाम व पावसाळ्यात कार्यालयात आरेखन, असा वर्षाचा क्रम होता. त्यामुळे सर्वेक्षकाने पाहिलेली वाशिष्ठी ही बहुधा हिवाळ्यातील किंवा उन्हाळ्यातील वाशिष्ठी होती. पुरात नदी कोठवर पसरते, हे त्याला ऐकूनच माहीत होणार. आणि ऐकीव पाणरेषेस या नकाशात चिन्ह नव्हते.

नकाशातील खोरे : एक इंची पत्रकांत तपकिरी रंगाने समोच्च रेषा, हिरव्याने जंगल, पिवळ्याने लागवडीची जमीन, तांबड्याने रस्ते व वस्त्या आणि निळ्याने पाणी दाखविण्याचा प्रघात होता. ज्या प्रवाहांत वर्षाचा बराच काळ पाणी नसते, ते मात्र काळ्या रेषेने दाखवीत. सह्याद्रीच्या उतारावरील पऱ्हे या नियमाने काळ्या वर्गात पडतात.

विसाव्या शतकाच्या मध्यास या खोऱ्यातील दळणवळण मुख्यतः तीन मार्गांनी चाले. पहिला, कुंभार्ली घाटाने कराडकडे जाणारा रस्ता. दुसरा, मुंबई व गोव्याच्या दिशांना जाणारा दक्षिणोत्तर रस्ता. आणि तिसरा, गोवळकोटपासून दाभोळपर्यंतचा खाडीचा जलमार्ग. लोहमार्ग नव्हता. तो कोकण रेल्वेच्या रूपाने १९९० नंतर आला व २६ जानेवारी १९९८ रोजी संपूर्ण मार्ग वाहतुकीस खुला झाला. गावोगावच्या पायवाटा व घाटवाटा नकाशात तुटक रेषांनी आल्या; देवळे, विहिरी, तरी यांसाठी चिन्हे वा अक्षरे होती. परंतु दर पावसाळ्यापूर्वी गावकरी लाकडे टाकून बांधीत तो साकव किंवा डोंगरउतारावरील जांभ्याची पाखाडी यांना या प्रमाणात क्वचितच जागा मिळू शकत होती. गावाच्या दृष्टीने पावसाळ्यातील खरी दळणवळणाची सोय साकव हीच होती.

सड्यांच्या बाबतीत प्रमाणाची ही मर्यादा अधिक ठळकपणे जाणवते. नकाशात सडा जवळजवळ रिकामा दिसतो. याच सड्यांवर जिल्ह्याच्या दक्षिण भागात शेकडो कातळशिल्पे आहेत. अलीकडील दशकांत स्थानिक शोधकांनी त्यांचा मागोवा घेतला आणि २०२२ मध्ये कोकणातील कातळशिल्पांचा समावेश युनेस्कोच्या जागतिक वारसास्थळांच्या संभाव्य यादीत झाला. राजापूर तालुक्यातील कशेळी येथील हत्तीची आकृती सु. १८ मी. लांब आहे, एक इंची नकाशात ही लांबी तीन-दशांश मिलिमीटरही भरत नाही. नकाशातील रिकामी जागा ही भूमीवरील रिकामी जागा असतेच असे नाही, याचे हे उत्तम उदाहरण होय.

स्थलनामांचा प्रश्नही लक्षणीय आहे. नकाशे इंग्रजीत छापले गेले आणि रोमन लिपीत विशेषचिन्हांवाचून ‘ल’ व ‘ळ’, तसेच ‘न’ व ‘ण’ हे भेद दाखविता येत नाहीत. चिपळूण, पोफळी, कोळकेवाडी, दाभोळ या सर्वच नावांतील ‘ळ’ त्यामुळे लोपला. नकाशावरून नावे पुन्हा मराठीत लिहिताना अपरिचित वाड्यांची नावे चुकीची रूढ होण्याचा धोका यातून निर्माण झाला. उलट, अनेक लहान वाड्यांची नावे छापील स्वरूपात प्रथम याच पत्रकांत आली, हेही तितकेच खरे आहे.

कोयना प्रकल्प व नकाशे : कोयना नदी महाबळेश्वरी उगम पावून सु. ६५ किमी. दक्षिणेकडे सह्याद्रीच्या कडेला समांतर वाहते आणि हेळवाकजवळ एकदम पूर्वेकडे वळून कराड येथे कृष्णेस मिळते. या वळणाजवळ तिचे पात्र व कोकणातील घाटपायथा यांच्यामध्ये केवळ एक अरुंद डोंगररांग आहे. समोच्च रेषा वाचणाऱ्यास एक इंची नकाशात ही गोष्ट तत्काळ दिसते. एका बाजूस रेषा विरळ आहेत; रांग ओलांडताच त्या एकमेकींना चिकटतात व थोड्याच अंतरात शेकडो मीटर खाली उतरतात. पूर्वेकडे जाणारे पाणी पश्चिमेकडे वळविल्यास केवढी ऊर्जा हाती लागेल, याचा हिशेब याच उतारात होता.

पहिल्या महायुद्धानंतर टाटा उद्योगसमूहाने या स्थळाची पाहणी केली होती. परंतु त्या दशकाच्या अखेरीस आलेल्या आर्थिक अरिष्टामुळे योजना मागे पडली. दुसऱ्या महायुद्धानंतर मुंबई सरकारने ती हाती घेतली. १९५३ च्या अखेरीस तिला मान्यता मिळाली आणि १९५४ मध्ये कामास प्रारंभ झाला. एक इंची नकाशा कल्पनेपुरता पुरेसा होता, बांधकामास नव्हता. जलाशयाची क्षमता काढण्यासाठी खोऱ्यात जवळजवळच्या समोच्च रेषा आखाव्या लागतात. लागोपाठच्या दोन रेषांनी वेढलेल्या क्षेत्रांची सरासरी घेऊन तिला त्या रेषांमधील उंचीने गुणतात व अशा थरांची बेरीज करतात. बोगदा दोन्ही मुखांकडून खणावयाचा असल्यास डोंगरावरून त्रिकोणीकरण व अचूक तलेक्षण करून दोन्ही मुखांची परस्परसापेक्ष स्थाने निश्चित करावी लागतात. अन्यथा दोन बाजू आत एकमेकींस मिळत नाहीत. अशा मोठ्या प्रमाणावरील नकाशांनी एक इंची पत्रकाची जागा घेतली, परंतु त्यांची चौकट तीच राहिली.

१०३ मी. उंचीच्या या धरणामागे शिवाजीसागर हा सु. २,७९७ दशलक्ष घ. मी. क्षमतेचा जलाशय निर्माण झाला. तेथील पाणी पावणेचार किमी. लांबीच्या बोगद्याने व पुढे दाबविहिरींतून सु. ४७५ मी. खाली, पोफळी येथील भूमिगत विद्युत्‌गृहात नेण्यात आले. १९६२ मध्ये पहिल्या टप्प्यातील वीजनिर्मिती सुरू झाली. पुढे कोळकेवाडी येथे धरण बांधून तेच पाणी अलोरे येथे पुन्हा वापरण्यात आले. चौथ्या टप्प्यासाठी १९९९ मध्ये जलाशयाच्या तळाशी छिद्र पाडण्यात आले व प्रकल्पाची एकूण क्षमता १,९६० मेगॅवॉट झाली.

या प्रकल्पाने जुना नकाशा तीन प्रकारे कालबाह्य केला. कोयनेच्या खोऱ्यातील अनेक गावे पाण्याखाली गेली व तेथील लोक दूरदूरच्या जिल्ह्यांत विखुरले. त्या गावांचे मूळ स्थान दाखविणारा पुरावा म्हणून आता जुन्या पत्रकांचे मोल आहे. दुसरे, सह्याद्रीच्या माथ्यावरून जाणारी जलविभाजक रेषा नकाशात तशीच राहिली, तरी जलव्यवहारात ती तशी राहिली नाही. कृष्णा पाणीतंटा लवादाने पश्चिमेकडे वळविण्यास मुभा दिलेले वार्षिक ६७.५ अब्ज घनफूट (सु. १,९११ दशलक्ष घ. मी.) पाणी ही रेषा भेदून वाशिष्ठीत येते. तिसरे, विद्युत्‌गृहांतून सुटणाऱ्या पाण्यामुळे वाशिष्ठीचा वरचा प्रवाह उन्हाळ्यातही वाहू लागला. नकाशाच्या भाषेत सांगावयाचे तर काळ्या रेषेचा प्रवाह निळ्या वर्गात आला.

मेट्रिक आवृत्ती व गोपनीयता : १९५६ नंतर भारतात दशमान पद्धती स्वीकारली गेल्यावर एक इंची मालिकेऐवजी १ : ५०,००० प्रमाणाची मालिका तयार होऊ लागली. हवाई छायाचित्रांच्या जोड्या त्रिमितीदर्शक उपकरणांखाली पाहून समोच्च रेषा काढण्याची पद्धत रूढ झाली व दोन रेषांमधील अंतर सामान्यतः २० मी. ठरले. घनदाट झाडीच्या व दुर्गम कड्यांच्या प्रदेशात याचा विशेष लाभ झाला.

तथापि ही पत्रके सामान्य वाचकास उपलब्ध नव्हती. संरक्षणाच्या कारणास्तव देशाच्या सीमा व समुद्रकिनारा यांलगतच्या रुंद पट्ट्याचे मोठ्या प्रमाणाचे नकाशे निर्बंधित ठरविण्यात आले होते. सु. ६४ किमी. रुंदीचा रत्नागिरी जिल्हा त्या पट्ट्यात आला. परिणामी जिल्ह्यातील शिक्षक, अभ्यासक किंवा ग्रामपंचायत यांना स्वतःच्या परिसराचे पत्रक परवानगीवाचून मिळत नसे. शाळांतून नकाशावाचन शिकविले जाई, परंतु ते अन्य प्रदेशांच्या पत्रकांवरून. याउलट अमेरिकी लष्कराच्या नकाशा विभागाने १९५० नंतरच्या दशकात भारतीय नकाशांच्या आधारे सिद्ध केलेली १ : २,५०,००० प्रमाणाची मालिका अमेरिकेतील विद्यापीठीय ग्रंथालयातून कोणासही पाहता येऊ लागली. या विसंगतीची दखल उशिराने घेतली गेली. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने संरक्षण मालिका व खुली मालिका असे दोन भाग केले. २०१७ पासून खुल्या मालिकेचे नकाशे संगणकीय जाळ्यावर विनामूल्य मिळू लागले. आणि १५ फेब्रुवारी २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांनी भारतीय व्यक्ती व संस्था यांच्यावरील बहुतेक निर्बंध उठविले.

सखल भूमीचा प्रश्न : त्यानंतर पाचच महिन्यांनी, २२ जुलै २०२१ रोजी, चिपळूण शहर महापुरात बुडाले. २६ जुलै २००५ च्या पुराचा अनुभव शहराच्या गाठीशी होता. पावसाचा जोर, भरतीची वेळ, नदीपात्रात साचलेला गाळ आणि धरणांतून सुटलेले पाणी यांपैकी कशाचा वाटा किती, हा वाद तेव्हापासून चालू झाला. नदीतील गाळ काढावा यासाठी नागरिकांनी आंदोलन केले; निळ्या व तांबड्या पूररेषांच्या आखणीसही तीव्र विरोध झाला. निळी रेषा साधारणतः २५ वर्षांतून एकदा व तांबडी १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची मर्यादा दाखविते आणि त्या रेषांच्या आतील बांधकामांवर निर्बंध येतात. घर रेषेच्या आत की बाहेर, हे ठरविणारी उंची येथे एखाद्या मीटरची असते.

या वादात स्थलनिर्देशक नकाशा फारसा उपयोगी पडत नाही. समुद्रसपाटी ही शून्य रेषा धरल्यास एक इंची नकाशातील पुढील समोच्च रेषा १५.२४ मी. व मेट्रिक नकाशातील २० मी. उंचीवर येते. चिपळूणची बाजारपेठ, गोवळकोट व खाडीकाठची खाजणे या सर्वांचा समावेश या दोन रेषांमधील एकाच मोकळ्या पट्टीत होतो. सखल भागात तलचिन्हे व काही बिंदूंच्या उंची दिलेल्या असतात. परंतु विखुरलेल्या बिंदूंवरून पाण्याचा मार्ग काढता येत नाही. ४७५ मी.चा उतार मोजणाऱ्यास १५ मी.चे अंतर पुरेसे सूक्ष्म होते. दुकानाच्या उंबऱ्यापाशी आलेले पाणी मोजणाऱ्यास ते सर्वस्वी निरुपयोगी आहे. गावनकाशा व नगरभूमापनाचा नकाशा यांत तो उंबरा कोणत्या भूखंडात आहे, हे कळते. पण त्याची उंची तेथे नाही. उंचीचा नकाशा व हक्काचा नकाशा या दोन परंपरा शतकाहून अधिक काळ समांतर चालल्या. चिपळूणच्या पुराने त्या एकत्र आणण्याची निकड दाखवून दिली.

सद्यःस्थिती : २०२० मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत भारतीय सर्वेक्षण विभाग व राज्यांची भूमी अभिलेख खाती यांनी ड्रोनच्या साहाय्याने गावठाणांची मोजणी हाती घेतली. दोन्ही परंपरा एका कामात जोडणारा हा महत्त्वाचा प्रयत्न होय; मात्र त्याचा मुख्य हेतू मालमत्तेची नोंद हा आहे. २०२२ च्या राष्ट्रीय भूस्थानिक धोरणाने २०३० पर्यंत देशाचे अचूक उंचीदर्शक प्रतिमान तयार करण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे. त्यात मैदानी प्रदेशासाठी २५ सेंमी. व डोंगराळ प्रदेशासाठी १ ते ३ मी. अशी अचूकता अपेक्षित आहे. या विभागणीत वाशिष्ठीच्या खोऱ्याचे स्थान काळजीपूर्वक ठरविले जाणे अगत्याचे आहे. जिल्हा डोंगराळ आहे म्हणून संपूर्ण खोऱ्यास डोंगराळ प्रदेशाचे माप लावल्यास जुन्या नकाशांतील उणीव नव्या साधनांतही कायम राहील. वस्ती व व्यापार ज्या काही मीटर उंचीच्या सपाटीवर एकवटले आहेत, तिला मैदानाचेच माप लावावे लागेल. शतकापूर्वीच्या सर्वेक्षकांनी कड्यांचे मोजमाप त्या काळच्या गरजेस पुरेल इतके चांगले केले. नदीकाठचे तितकेच काटेकोर मोजमाप हे या खोऱ्याच्या नकाशांकनातील राहिलेले कार्य होय.